वाशीचा धारण तलाव आणि राज्यसभेतली तीन मिनिटं

हे प्रकरण राज्यसभेच्या एका खासदारांनी हवामान बदल आणि पर्यावरण धोरणावर केलेल्या छोट्याशा भाषणाचं आहे. भाषण कसं ठरलं, त्यात काय ठेवलं, काय काढलं, ते दिल्लीत बोलल्यावर इकडे नवी मुंबईतल्या वाशीत काय हललं आणि काय नाही हललं, हे एका जागी लिहून ठेवावं असं खूप दिवस मनात होतं, कारण दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच की आमच्या भागाचा प्रश्न संसदेत नेता येईल का. मी तेव्हा रहिवाशांच्या गटात होते, मुद्दे काढणं आणि कागद जमवणं माझ्याकडे होतं. खासदारांचं नाव, पक्ष, अधिवेशन, तलाव नेमका कुठल्या सेक्टरमधला हे मुद्दाम देत नाहीये, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून किरकोळ तपशील बदललेत. कायदे, नियम आणि आकडे मात्र आहेत तसेच आहेत.

पार्श्वभूमी

नवी मुंबई कशी वसली हे माहीत असेल तर पुढचं सगळं लवकर कळतं. मार्च १९७० मध्ये सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झाली आणि खाडीकाठच्या सखल खारवट जमिनीवर भराव टाकून एकेक नोड, म्हणजे उपनगर, उभा राहिला, त्यातला बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे. म्हणजे पाऊस कोसळतोय आणि नेमकी त्याच वेळी खाडीला भरती असली तर नाल्याचं पाणी खाडीत जाणार नाही, उलट खाडीच आत येईल. यावर उपाय म्हणून धारण तलाव बांधले, आपण सगळे होल्डिंग पाँडच म्हणतो. नाल्यांचं पाणी आधी तलावात येतं, तलाव आणि खाडीच्या मधे झडपा असतात ज्यांना फ्लॅप गेट म्हणतात, भरतीला खाडीच्या पाण्याच्या दाबाने त्या आपोआप मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठून राहतं आणि ओहोटी लागली की झडपा उघडून ते खाडीत निघून जातं. ना पंप ना वीज. फार हुशारीने केलेली सोय आहे ही आणि वाशी, बेलापूरसारखे भाग इतकी वर्षं राहण्याजोगे राहिले त्यात तिचा मोठा वाटा आहे असं मी मानते.

पण झडप नीट मिटत नसेल तर प्रत्येक भरतीला थोडी थोडी खाडी आत येते आणि येताना गाळ घेऊन येते. गाळावर तिवरं, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारी मॅन्ग्रोव्हची झाडं, रुजतात. तीस चाळीस वर्षांत काही तलावांचं पात्र इतकं उथळ झालंय की वरून पाहिलं तर तलाव न दिसता हिरवं रानच दिसतं.

त्यात हवामान बदल. हा शब्द सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढला की लोकांना तो लांबचा वाटतो, म्हणून आम्ही परदेशी अहवाल बाजूला ठेवून आपल्याच सरकारचा घेतला. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतातल्या हवामान बदलाचा आढावा प्रसिद्ध केला, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेला. त्यात म्हटलंय की उत्तर हिंद महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळात वर्षाला साधारण १.०६ ते १.७५ मिलिमीटरने वाढत होती, आणि १९९३ ते २०१७ या काळात तोच वेग ३.३ मिलिमीटर झाला. दिवसाला १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडण्याचे प्रसंग मध्य भारतात १९५० ते २०१५ मध्ये सुमारे ७५ टक्क्यांनी वाढले हेही त्यातच आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस आपल्याकडे कोणाला सांगावा लागत नाही. खाडी वर सरकणार आणि पाऊस कमी वेळात जास्त पडणार, मग तलावाला एकाच वेळी जास्त पाणी धरायचंय आणि झडपा उघडायला वेळ कमी मिळणार. आमचा प्रश्न एवढाच होता, आणि तो पुरेसा मोठा होता.

अडचण कुठे होती

गाळ काढा म्हटलं की झालं असं वाटतं. पण गाळात तिवरं आहेत, आणि तिवरांना हात लावता येत नाही, जे अगदी योग्य आहे. मुंबई हायकोर्टाने २००५ मध्येच तिवरांच्या तोडीवर बंदी घातली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलं की तिवरं नष्ट करणं म्हणजे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कावरच घाला आहे. सार्वजनिक हितासाठी दुसरा मार्गच नाही असं कोर्टाला पटलं तरच परवानगी. या निकालामुळे ठाणे खाडीचा किनारा वाचला, नाहीतर आज तिथे काय काय उभं राहिलं असतं याची कल्पनाही करवत नाही.

म्हणून आमच्या गटात पहिल्याच बैठकीपासून दोन बाजू होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या. तळमजल्यावर राहणाऱ्या एका ताईंच्या घरात दर एकदोन वर्षांनी पाणी शिरतं, त्यांना आता तिवरं या शब्दाचाच राग येतो. कोळीवाड्यातले एक दादा मात्र शांतपणे म्हणाले, ताई तुमचं दुःख कळतं, पण तिवरात निवटी चिंबोरी कोळंबी वाढते म्हणून आमची चूल पेटते, तिवर गेलं की आम्ही गेलो. आणि भरतीचा, वादळाचा जोर तिवरंच अडवतात, म्हणजे हवामान बदलात ती आपली ढाल आहेत हेही तितकंच खरं.

या सगळ्यात गटातल्या एका निवृत्त सिव्हिल इंजिनियर काकांनी एक गोष्ट शोधून काढली आणि पुढचं सगळं त्यावर उभं राहिलं. पाणथळ जागांसाठी केंद्राचे २०१७ चे नियम आहेत. त्यात पाणथळ म्हणजे काय याच्या व्याख्येतून माणसाने बांधलेली काही पाण्याची ठिकाणं वगळली आहेत, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेली, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी, करमणुकीसाठी. शहराचं पावसाचं पाणी धरून ओहोटीला सोडायला बांधलेला तलाव या यादीत नाही. शिवाय सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, येणाऱ्या पाणथळ जागांना हे नियम लागूच होत नाहीत. आणि सीआरझेडची १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना बघितली तर तिवरं सगळ्यात कडक संरक्षणाच्या वर्गात. म्हणजे पूर रोखायला बांधलेल्या तलावात तिवरं उगवली की तो तलाव राहतो, पाणथळ होतो, का किनाऱ्याचं संरक्षित क्षेत्र होतो, आणि त्याची देखभाल कुठल्या मापाने करायची याचा सरळ खुलासा कुठे सापडेना. काका म्हणाले, अधिकारी सही करायला घाबरतो ते उगाच नाही, त्याला नियमात पाय ठेवायला जागाच नाही.

इथे पहिल्यांदा वाटलं की हा प्रश्न फक्त पालिकेच्या दारातला नाही. सीआरझेड आणि पाणथळ नियम दोन्ही १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली येतात आणि तो कायदा केंद्राचा.

खासदारांना काय हवं होतं

त्याच सुमारास ओळखीतून कळलं की राज्यसभेचे एक खासदार हवामान बदलावर बोलायला विषय शोधतायत. त्यांना मनापासून बोलायचं होतं, हे मी आधीच सांगते कारण पुढे त्यांच्याशी बरेच मतभेद झाले. दिल्लीत त्यांच्याकडे एक तरुण संशोधक मुलगा काम करायचा, त्याने पाठवलेला पहिला मसुदा वाचला तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. २०१५ चा पॅरिस करार, ग्लासगोमध्ये जाहीर झालेलं २०७० चं नेट झिरो म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं उद्दिष्ट, हिमालयातल्या हिमनद्या, दिल्लीचं प्रदूषण, प्लॅस्टिक, ठाणे खाडीतले फ्लेमिंगो, पारसिकच्या डोंगरावरच्या खाणी, आणि खारघरला १६ एप्रिल २०२३ च्या उघड्यावरच्या कार्यक्रमात उन्हाने गेलेले जीव. एकही ओळ खोटी नव्हती. पण एवढं सगळं ऐकून मंत्र्यांनी नेमकं काय करायचं हे मात्र कुठेच नव्हतं.

आणि वेळ किती, तर तीन मिनिटं. राज्यसभेत शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेत, बोलायला तीन मिनिटं मिळतात आणि ती संपली की माईक आपोआप बंद होतो, वाक्य अर्धं असलं तरी.

कोणते पर्याय समोर होते

दिल्लीच्या त्या मुलाने व्हिडिओ कॉलवर आम्हाला संसदेची आयुधं समजावली, आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

शून्य प्रहरात बोललं की लगेच ऐकू जातं, क्लिप मिळते, बातमी होते. पण मंत्र्यांवर तिथल्या तिथे उत्तर द्यायचं बंधन नसतं. विशेष उल्लेख हा दुसरा मार्ग, त्यात २५० शब्दांच्या आतला मजकूर आधी मंजूर करून घ्यायचा आणि तोच वाचायचा, मग मंत्रालयाकडून लेखी उत्तर येणं अपेक्षित असतं. तिसरा मार्ग प्रश्न. नोटीस १५ दिवस आधी द्यायची, कोणाचा लागणार ते सोडतीवर. तारांकित लागला तर मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि पूरक प्रश्न विचारता येतात, पण राज्यसभेत दिवसाला तारांकित फक्त १५ असतात. अतारांकित १६० असतात, त्यांना लेखी उत्तर मिळतं आणि ते कायमचं नोंदीवर राहतं. शिवाय मंत्र्यांनी माहिती गोळा करतोय असं सांगितलं तर ते आश्वासन धरलं जातं आणि त्याचा पाठपुरावा करायला सरकारी आश्वासनांची समिती असते, साधारण तीन महिन्यांत ते पुरं करायचं असतं. ही शेवटची गोष्ट आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हती.

खासदारांचा कल अर्थातच शून्य प्रहराकडे. त्यात चूक काही नाही, लोकांना आपला प्रतिनिधी बोलताना दिसला पाहिजे, छापील उत्तर कोण बघतो. इंजिनियर काकांचं म्हणणं एकदम उलट, बोलणं हवेत जातं, कागद हातात राहतो. मला दोन्ही हवं होतं आणि शेवटी तेच ठरलं, पण सहज नाही ठरलं, कारण मागणी नेमकी काय करायची यावरच सगळं अडलं होतं.

निर्णयाची वळणं

पहिलं वळण मागणीचं. एक गट म्हणत होता थेट मागा की धारण तलावातली तिवरं काढायला परवानगी द्या. मी याच्या पूर्ण विरोधात होते आणि अजूनही आहे. एकदा संसदेत कोणी म्हणालं की शहराच्या सोयीसाठी तिवरं काढा, तर ते वाक्य उद्या कुठला बिल्डर कुठल्या जागेसाठी वापरेल काही सांगता येत नाही. शिवाय प्रत्यक्ष परवानगीचा मामला हायकोर्टाच्या कक्षेतला, आणि न्यायप्रविष्ट बाबीवर प्रश्न स्वीकारत नाहीत, म्हणजे नोटीसच परत यायची. दुसरा गट म्हणत होता तिवरांचं नावच काढू नका, नुसतं पूर आणि हवामान बदल बोला. पण मग उत्तर ठरलेलं, २००८ ची राष्ट्रीय कृती योजना, तिच्यातली आठ मिशन, आणि शेवटी पूर व्यवस्थापन हा राज्याचा विषय आहे.

यातून वाट काढली ती काकांच्याच एका आकृतीने. त्यांनी कागदावर तलाव काढला, कडेकडेने तिवरं तशीच ठेवली आणि मधून पाणी वाहायला एक पट्टा मोकळा दाखवला. म्हणाले सगळा तलाव साफ करायची गरजच नाही, झडपा धड करा म्हणजे नवा गाळ यायचा थांबेल, मधला पट्टा खोल करा, कडेचं रान राहू द्या, मोठ्या भरतीला कमी पडलं तर पंप लावा. कोळीवाड्यातले दादा बराच वेळ ती आकृती बघत होते, मग म्हणाले असं असेल तर आमची हरकत नाही, पण खाडीच्या बाजूचं एक झाड जाता कामा नये. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हा होता आणि तो दिल्लीत घडला नाही, वाशीत सोसायटीच्या ऑफिसात घडला.

मग आम्ही मागण्या तीन ठिकाणी वाटल्या. झडपांची दुरुस्ती हे स्थानिक यंत्रणेचं काम, त्याला संसद कशाला. मधला पट्टा खोल करायचा प्रस्ताव राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आणि पुढे कोर्टात जायला हवा. केंद्राकडे मागायचं फक्त एक, पूर रोखण्यासाठी बांधलेल्या तलावांत तिवरं उगवली असतील तर त्यांची देखभाल कशी करायची याची स्पष्ट मार्गदर्शक सूचना. तिवरंही वाचतील आणि घरंही, आणि अधिकाऱ्याला सही करायला आधार मिळेल. ही विभागणी कंटाळवाणी वाटते, पण राज्याचा विषय आहे या उत्तरातून सुटायचा मला तरी दुसरा मार्ग माहीत नाही.

दुसरं वळण फ्लेमिंगोंचं. खासदारांना ते हवेच होते, म्हणाले सभागृहात धारण तलाव कोणाला कळणार, फ्लेमिंगो सगळ्यांना कळतात. मुद्दा बरोबर होता. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाल्याचं जाहीर झालं, नांदूर मधमेश्वर आणि लोणारनंतरचं महाराष्ट्रातलं तिसरं ठिकाण. म्हणून एक वाक्य ठेवलं, की ज्या खाडीला देशाने जगासमोर नेलं तिच्या काठचं शहर भरतीला बुडतंय. खाणी, प्लॅस्टिक, दिल्लीची हवा सगळं काढलं. खारघरचं काढताना मात्र हात अडला. उन्हाने माणसं जाणं हा तितकाच मोठा विषय आहे, पण त्याला स्वतंत्र तीन मिनिटं मिळायला हवीत, दोन ओळींत उरकणं गेलेल्यांच्या घरच्यांना बरं वाटलं नसतं. खासदारांना हे लगेच पटलं, तेव्हा मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

तिसरं वळण भाषेचं. राज्यसभेत २०१८ पासून आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांत बोलायची सोय आहे, आधी कळवलं की दुभाषे असतात. दादांचा आग्रह मराठीचा होता, आपलं दुःख आपल्या भाषेत जाऊ द्या. खासदार हिंदीच्या बाजूने, कारण मंत्री आणि समोर बसलेले सदस्य थेट ऐकतील. शेवटी हिंदीत बोलायचं ठरलं आणि तेच मुद्दे मराठीत बोलून वेगळा व्हिडिओ करायचा ठरला. यात मी खासदारांच्या बाजूने होते, दादा थोडे नाराज राहिले आणि त्यांची नाराजी मला समजते.

आकड्यांबाबत एक नियम पाळला. सरकारी अहवालात किंवा कोर्टाच्या निकालात नसलेला एकही आकडा भाषणात नाही. कोणीतरी व्हॉट्सॲपवरचा २०५० पर्यंत नवी मुंबई बुडणार असा नकाशा पाठवला होता, तो घेतला नाही. चुकीचा एक आकडा सापडला की बाकीचं खरंही खोटं ठरतं.

प्रत्यक्ष काय झालं

शून्य प्रहराची परवानगी पहिल्या वेळी मिळाली नाही, नंतर मिळाली. खासदार छान बोलले. सुरुवात सुप्रीम कोर्टाच्या मार्च २०२४ च्या निकालाने केली, माळढोक पक्ष्याच्या प्रकरणातला तो निकाल, ज्यात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये येतो असं म्हटलंय. मग २०२० च्या अहवालातले समुद्राचे आकडे, मग खाडी, मग धारण तलाव कसा चालतो ते. ते इतकं सोपं करून सांगितलं की मागच्या बाकावरचे एकदोन सदस्य वळून ऐकत होते. मग मधे थोडा गोंधळ झाला, पाचसात सेकंद गेले, आणि मागणीचं वाक्य सुरू झालं तेवढ्यात माईक बंद. मार्गदर्शक सूचना हा शब्द नोंदीवर गेलाच नाही.

आम्ही इकडे मोबाईलवर बघत होतो. कोणी काही बोललं नाही.

क्लिप मात्र खूप फिरली. लोकांनी खासदारांचं मनापासून कौतुक केलं आणि ते रास्तच होतं, वाशीतल्या झडपा आणि गाळ यावर राज्यसभेत कोणीतरी बोललं हीच मोठी गोष्ट. स्थानिक बातम्यांत हेडिंग आलं ते फ्लेमिंगोंचं.

प्रश्नाचं काम शांतपणे चालू होतं. तारांकितसाठी नोटीस दिली, सोडतीत लागला नाही, अतारांकित म्हणून लागला. प्रश्न लिहिणं हे भाषणापेक्षा कितीतरी अवघड निघालं. प्रश्नात युक्तिवाद चालत नाही, टोमणा चालत नाही, मत विचारता येत नाही, विषय केंद्राच्या अखत्यारीतला हवा. आमचा पहिला मसुदा म्हणजे जवळजवळ तक्रार अर्जच होता. घासून घासून तो चार भागांवर आणला. पूर नियंत्रणासाठी बांधलेल्या तलावांचा २०१७ च्या नियमांत काय दर्जा आहे. त्यांत तिवरं आली असतील तर २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेखाली देखभालीची पद्धत काय. अशी कोणती मार्गदर्शक सूचना आहे का, नसेल तर काढायचा विचार आहे का. आणि किनाऱ्यावरच्या शहरांसाठी समुद्राच्या वाढत्या पातळीचा हिशोब या नियमांत कसा धरला जातो.

उत्तर आलं. मोठा भाग ठरीव, राष्ट्रीय कृती योजना, नेट झिरो, तिवर लागवडीच्या योजना. शेवटच्या प्रश्नाला तर उत्तरच नव्हतं म्हणा ना. पण मधे एक वाक्य कामाचं निघालं, अर्थ असा की अशी कामं प्रकरणागणिक तपासली जातात आणि त्यासाठी प्रस्ताव राज्याच्या किनारा क्षेत्र प्राधिकरणामार्फत यावा लागतो. वरवर यात नवीन काही नाही. पण आम्हाला इतकी वर्षं स्थानिक पातळीवर तोंडी ऐकवलं जात होतं की दिल्लीहून बंदी आहे, काही करताच येत नाही. आता संसदेत दिलेला कागद हातात होता की प्रस्ताव पाठवता येतो. काकांनी त्याची प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि पुढच्या प्रत्येक मीटिंगला तो फोल्डर बरोबर.

निष्पन्न

त्या उत्तराच्या आधारे माहिती अधिकारात विचारलं की आमच्या तलावासाठी असा प्रस्ताव कधी पाठवला होता का. नव्हता पाठवला. मग निवेदन, मग बैठक, आणि या वेळी बैठकीत अधिकारी वेगळ्याच सुरात बोलले, कारण कोणी त्यांच्यावर ओरडत नव्हतं, त्यांना जे हवं होतं तेच आम्ही घेऊन गेलो होतो, सही करायला आधार. त्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने काकांची आकृती मागून घेतली.

झडपांची दुरुस्ती पावसाळ्याआधी झाली. त्याला तिवरांचा काहीच संबंध नव्हता, ती आधीही होऊ शकत होती, पण सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं असल्यामुळे अडून राहिली होती. त्या पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी तलावात खाडीचं पाणी आधीपेक्षा कमी आलं असं आजूबाजूचे लोक सांगतात, मोजमाप कोणी ठेवलेलं नाही म्हणून मी त्यावर जास्त जोर देत नाही. त्या ताईंच्या घरात मात्र पुढच्याच एका मोठ्या पावसात परत पाणी आलं. मधला पट्टा खोल करायचा प्रस्ताव तयार झाला, पुढे गेला, आणि हे लिहीपर्यंत परवानगीच्या वाटेवरच आहे. केंद्राची मार्गदर्शक सूचना आमच्या हातात आलेली नाही.

वेगळं काय करता येईल

तीन मिनिटांच्या भाषणात मागणी पहिल्या अर्ध्या मिनिटात आली पाहिजे. आधी मी अमुक मागतोय हे सांगायचं, मग का ते सांगायचं, म्हणजे माईक कधीही बंद झाला तरी नोंदीवर मागणी राहते. आपल्याकडे भाषण चढत जाऊन शेवटी मुद्द्यावर येतं, सभेत ते शोभतं, शून्य प्रहरात परवडत नाही. भाषण लिहून झालं की घड्याळ लावून, मधे कोणीतरी मुद्दाम अडवत, दोनदा म्हणून बघावं.

भाषणाच्या ऐवजी आधी प्रश्न, आणि उत्तर हातात आल्यावर भाषण, असा क्रम ठेवला असता तर जास्त जोर आला असता असं मला आता वाटतं. उत्तरातलं अपुरं राहिलेलं वाक्य घेऊन उभं राहिलं की मंत्र्यांनाही टाळणं अवघड जातं. दिल्लीच्या त्या मुलाचं मत वेगळं आहे, तो म्हणतो आधी क्लिप फिरली म्हणून मंत्रालयात प्रश्नाकडे कोणीतरी नीट बघितलं. त्याच्या म्हणण्यातही तथ्य असेल.

विशेष उल्लेख आम्ही सोडून दिला तो नको होता सोडायला. २५० शब्द मंजूर झालेले असतात, माईकची भीती नाही, आणि लेखी उत्तराची अपेक्षा असते. गाजावाजा होत नाही म्हणून खासदारांना तो आवडत नाही, तर रहिवाशांनी आग्रह धरायला हवा.

आणि मोजमाप. तलावाच्या काठावर पातळी दाखवणारी साधी रंगवलेली पट्टी लावायची, मोठ्या भरतीच्या दिवशी तासातासाला फोटो काढायचा, तारीख वेळ पावसाचा आकडा लिहून ठेवायचा. पावसाळ्यात ४.५ मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा आधीच जाहीर होतात, म्हणजे कोणत्या दिवशी उभं राहायचं ते माहीतच असतं. आमच्याकडे अशी नोंद असती तर प्रश्नातल्या शेवटच्या भागाला इतक्या सहज बगल देता आली नसती. कोळीवाड्यातल्या मंडळींना खाडी किती उथळ झाली हे हाताच्या अंदाजाने माहीत आहे, ते ज्ञानही कागदावर यायला हवं, आणि ते त्यांच्या नावाने यायला हवं.

अजून एक गोष्ट जी आम्हाला फार उशिरा कळली. अपुऱ्या उत्तरावर अर्धा तास चर्चेची नोटीस देता येते, राज्यसभेत त्याला आणखी दोन सदस्यांच्या सह्या लागतात. किनाऱ्यावरच्या इतर राज्यांतही भरतीने अडणारी शहरं आहेत, चेन्नई आहे, कोची आहे, त्यांच्या खासदारांकडे हा विषय घेऊन जाता येईल, पक्ष कुठलाही असो. पुढच्या अधिवेशनासाठी खासदारांनी होकार दिलाय, सह्यांसाठी इतर दोन खासदारांना पाठवायचं टिपण मी आणि काका लिहितोय, आणि त्याची पहिली ओळ मागणीची आहे.